शिट्टीचा मान

"रत्नमाला," असं म्हणत अण्णांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या गळ्यात घातली.

त्या संध्याकाळच्या सरावात मी एकटीने चार जणींना बाद केलं होतं. चौथीला तर खांबापाशी असा सूर मारून टिपलं की माझं ढोपर सोलवटलं आणि त्यात माती भरली. रत्नमालाने काय केलं होतं? एकीला बाद केलं होतं, आणि तीही पुष्पीला. पुष्पीला पळता पळता हसू येतं, तिला कुणीही धरतं. तरी शिट्टी रत्नमालालाच. गेला महिनाभर रोज तिलाच.

"सर, आज हेमानं जास्त टिपल्या," पुष्पी म्हणाली. ती माझी मैत्रीण.

"मला मोजता येतं," अण्णा म्हणाले. "चला, पळा घरी. अंधार पडायच्या आत."

अण्णा म्हणजे माझे वडील. बोरजाईच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते आणि मैदानावर मीसुद्धा त्यांना सरच म्हणायचे. तो त्यांचाच दंडक. फाटकाच्या आत आलं की मी हेमलता क्षीरसागर, मुलींच्या खो-खो संघाची कॅप्टन. फाटकाबाहेर पडलं की त्यांची हेमा. गंमत अशी की आत असताना सगळ्या पोरींवर ते ओरडत आणि माझ्यावर जरा जास्त ओरडत, आणि बाहेर पडल्यावर दमून गप्प होत. म्हणजे दोन्हीकडून माझ्या वाट्याला काय आलं ते बघा.

ती शिट्टी पितळेची होती. अण्णा स्वतः खेळत तेव्हाची. सरावात जिचा खेळ सगळ्यांत चांगला, तिने ती रात्रीपुरती घरी न्यायची आणि सकाळी प्रार्थनेला परत आणायची, अशी त्यांनी प्रथा पाडली होती. पोरी ती उशाशी घेऊन झोपत. संगीच्या आजीने तर तिला हळदकुंकू वाहिलं होतं. गावातल्या खेळणाऱ्या प्रत्येक पोरीच्या घरी ती शिट्टी जाऊन आली होती. फक्त मला ती कधी मिळाली नव्हती. सुट्टीच्या दिवशी ती आमच्याच खुंटीवर लटकायची, पण ती अण्णांची म्हणून. मी जिंकून आणली म्हणून कधी नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "तुला कशाला? तू घरचीच." पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, तसं.

त्यात अण्णांचा आणखी एक उद्योग होता. गावात पोरींना खेळायला पाठवायची पद्धत नव्हती, म्हणून ते शाळा सुटली की सायकल काढून घरोघर जात आणि दारात उभे राहून पोरी मागत. लोक काय काय सांगत. पोर धावली की तिचे पाय मोठे होतात आणि मोठ्या पायाला नवरा मिळत नाही. पोर मैदानावर गेली तर शेणाचा हारा कोण उचलणार? ह्या दुसऱ्या प्रश्नावर एका घरी अण्णांनी चपला काढल्या, हारा डोक्यावर घेऊन उकिरड्यावर रिकामा केला, हात धुतले आणि म्हणाले, "झालं काम. आता पाठवा." ती पोर म्हणजे संगी.

अशा वेळी सायकलच्या मागे मी बसलेली असायची, नमुना म्हणून. "ही बघा, माझी पोरगी खेळते. काय झालं का तिला?" मग घरातली माणसं बाजारात गाय बघावी तशी मला वरपासून खालपर्यंत बघत. दुसऱ्यांच्या पोरींसाठी त्यांनी इतके उंबरे झिजवले, इतक्या विनवण्या केल्या. मला मात्र कुणी कधी विचारलं नाही, की बाई, तू खेळतेस का? मला उचलून चौकोनात बसवली, ती बसले.

ह्याचा मला फार राग होता. राग कसला, मत्सर होता. संगीचा होता, पुष्पीचाही थोडा होता. पण रत्नमालाचा जो होता त्याला तोड नव्हती.

रत्नमाला ही कासारगल्लीतल्या द्वारकामावशींची मुलगी. वडील लहानपणीच गेलेले. मावशी बांगड्या विकायच्या. गुरुवारच्या बाजारात पाराखाली त्यांचं दुकान असे आणि एरवी बायका घरीच हात भरून घ्यायला येत. रत्नमालाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलताही येत नव्हतं. गाव तिला मुकी म्हणायचं. ती मैदानाच्या कुंपणावर बसून आमचा सराव बघायची. एक दिवस अण्णांनी तिला बोटाने खुणावून आत बोलावलं आणि चौकोनात बसवलं. मग मला म्हणाले, "हेमलता, हिला खो दे."

मी तिच्या पाठीवर हात मारला आणि खो म्हटलं. ते तिला कुठलं ऐकू येणार? पण हात लागल्याबरोबर ती अशी उठली की मी तिच्या जागी बसेपर्यंत ती दोन खांबांच्या मधून पार निघूनही गेली होती. ते बघून अण्णांचा चेहरा असा काही झाला, की मी तेव्हापासूनच जळायला लागले.

अडचणी दोन होत्या. पहिली म्हणजे खो द्यायचा तर नुसता हात लावून चालत नाही, तोंडाने खो म्हणावं लागतं. अण्णांनी रोज तिला समोर बसवलं, तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि खो, खो, खो असं म्हणून दाखवलं. मग तिचा हात तिच्या गळ्यावर. पंधरा दिवसांनी तिच्या तोंडून आवाज निघाला, तो "हो" असा. अण्णा नाचायचेच बाकी होते. मी चौथीत पाढे पाठ म्हटले तेव्हा हे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते.

दुसरी अडचण बांगड्यांची. रत्नमालाच्या दोन्ही हातांत मनगटापासून निम्म्या हातापर्यंत हिरव्या-लाल काचेच्या बांगड्या गच्च भरलेल्या असत. ती आली की आधी छुमछुम यायची, मग ती. खो-खोत काच चालत नाही. फुटली तर हातात घुसते. अण्णांनी काढून यायला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः मैदानाच्या फाटकाशी आल्या. बराच वेळ दोघं बोलत उभे होते. मी लांब होते, ऐकू काही आलं नाही. मावशी मान हलवून नाही नाही म्हणत होत्या आणि अण्णा हात जोडून काहीतरी सांगत होते. मी मनात म्हटलं, बांगडीवालीची पोर म्हणजे चालतीबोलती जाहिरात, धंद्याचं नुकसान होत असणार.

तिसऱ्या दिवशी रत्नमाला मोकळ्या हातांनी आली. आणि त्याच संध्याकाळी, काहीही न करता, शिट्टी तिच्या गळ्यात पडली. तेव्हापासून ती रोज तिचीच झाली.

तिला मिळाली ते एक वेळ सोसलं असतं. पण ती वाजवायची! मैदानावरून निघाली की घरी पोचेपर्यंत फुर्र फुर्र, फुर्र फुर्र, सगळ्या गावातून. जिला शिट्टी ऐकूच येत नाही ती ती वाजवत हिंडतेय आणि जिला चांगली ऐकू येते ती दात-ओठ खातेय. मी घरी येऊन ढोपराला हळद लावत बसायची आणि कासारगल्लीतून तो आवाज माझ्या कानात शिरायचा. अण्णा तर पायरीवर बसून तो ऐकत. हातपाय धुवायचे नाहीत, चहा घ्यायचा नाही. आवाज गल्लीच्या शेवटच्या टोकाला जाऊन थांबला की मगच उठत. जसं काही आकाशवाणीवर गाणं लागलंय.

"तुमची लाडकी पोचली घरी," एकदा मी म्हणाले.

"पोचली," अण्णा म्हणाले आणि आत गेले.

रात्री जेवताना मी सरळच विचारलं, की प्रथा मोडली का? सगळ्यांत चांगली खेळेल तिला शिट्टी, असं होतं ना? अण्णांनी घास खाली ठेवला. म्हणाले, तिला सध्या तिची गरज आहे. मी म्हटलं, मलाही आहे. त्यावर ते पुन्हा जेवायला लागले. आईने मात्र तोंड घातलं, की शिट्टीचं राहू दे, ते चपला घासत चालायचं आधी बंद कर, दर दोन महिन्यांनी टाचा जातात. आमच्या घरात माझ्याविषयी एवढंच बोलणं व्हायचं.

मग मी ठरवलं, की आता मागायचं नाही. असं खेळायचं, की द्यायलाच लागेल.

तालुक्याच्या सामन्याला मी तशी खेळले. अजूनही डोळे मिटले की तो सामना मला पहिल्यापासून दिसतो. शेवटच्या डावात आम्ही पळतीवर होतो आणि सगळ्या जणी बाद होऊन मी एकटीच उरले होते. मी बाद झाले असते तर सामना गेला असता. समोरच्या पोरी माझ्याहून थोराड. त्या खो देतायत, मी वळतेय, खांबाला वळसा घालतेय, पुन्हा मध्ये शिरतेय. छाती फुटायला आली होती. पंचांची शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी जमिनीवर पडले ती उठलेच नाही, पोरींनीच मला उचललं. रत्नमालाही त्यांत होती, तिच्या त्या हो हो हो अशा ओरडण्यासकट. तिने सामन्यात दोघींना टिपलं होतं, हेही खरं. तिच्या खोला समोरच्या संघाने हरकत घेतली होती, पण पंचांनी तिला समोर बोलावून तीनदा म्हणायला लावलं आणि चालेल म्हणून सांगितलं.

टेम्पो गावच्या फाट्यावर आला तेव्हा दिवस बुडत होता. तिथे सरपंच तात्या आणि दहा-बारा माणसं गुलाल घेऊन उभी होती. आम्ही उतरलो. अण्णांनी नेहमीसारखी शिट्टी काढली आणि नजरेने रत्नमालाला शोधायला लागले.

तात्यांनी त्यांचा हात धरला. "मास्तर, आज तरी पोटच्या पोरीला द्या की. सामना तिनं काढलाय."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. पुष्पीने सगळ्यांत जोरात.

अण्णा मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, "हेमा, आजचा दिवस राहू दे. उद्या देतो तुला. सगळ्यांसमोर देतो."

"उद्याची नको," मी म्हणाले. "मी आज खेळलेय."

मग त्यांनी एकदा मावळतीकडे पाहिलं आणि शिट्टी माझ्या गळ्यात घातली. मी जोर लावून वाजवली. अण्णांना तात्यांबरोबर चावडीवर जायचं होतं. जाताना त्यांनी पुष्पीला बजावलं, की रत्नमालाला तिच्या दारापर्यंत सोड, दारापर्यंत. पुष्पी हो म्हणाली. त्या रात्री मी शिट्टी उशाखाली घेतली आणि पितळेचा वास घेत झोपले. इतकी गाढ झोप मला त्यानंतर क्वचितच लागली असेल.

दुसऱ्या दिवशी रत्नमाला सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गुरुवारच्या बाजारात ती मला दिसली, पाराखाली आईच्या मागे बसलेली, दोन्ही हात पुन्हा बांगड्यांनी गच्च भरलेले. मला बघून तिने मान खाली घातली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, शिट्टी मिळाली नाही म्हणून रुसली. म्हणजे हिलाही जळता येतं तर.

जिल्ह्याचा सामना आठवड्यावर आला होता. अण्णा एकदा कासारगल्लीत जाऊन हात हलवत परत आले. शिट्टी अजून माझ्याच गळ्यात होती. मी ती काढलीच नव्हती आणि त्यांनी मागितलीही नव्हती. मी म्हटलं, शिट्टीसाठी रुसणारी खेळाडू आपल्याला हवीच कशाला?

"कॅप्टन तू आहेस," अण्णा म्हणाले. "गावातले सगळे उंबरे मी झिजवले. हा एक तू झिजव."

"मी नाही जाणार विनवण्या करायला."

"नको करू. नुसती जाऊन ये. पण सराव सुटल्यावर जा, ती रोज जायची त्या वेळेला."

त्याच वेळेला का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी तणतणत निघाले. नमुना म्हणून हिंडवलं, आता वसुलीला धाडतायत, असं माझं मनातल्या मनात चाललं होतं. कासारगल्लीत शिरेपर्यंत चांगलंच अंधारून आलं होतं आणि त्यात वीज गेलेली. गल्लीच्या टोकाला मावशींचं घर. जाताना मला चाळा लागला म्हणून मी शिट्टी तोंडात धरली आणि दोनदा वाजवली, फुर्र फुर्र, तिला जळवायला. मग लक्षात आलं, की तिला ती ऐकूच येणार नाही.

मावशी उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या.

"रत्ने! कवा गं गेलीस भायेर? तुला आत बसवली हुती न्हवं?"

मी चार पावलांवर समोर उभी होते. त्या माझ्याकडेच बघत होत्या आणि मला रत्ना म्हणत होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, हवेत चाचपडले आणि माझं मनगट धरलं. त्यांच्या उजव्या तळहाताला फडकं बांधलेलं होतं. त्यांची बोटं माझ्या मनगटावरून वर सरकली, मग खाली आली, अंगठ्याखालचं हाड दाबून थांबली.

"ह्यो हात रत्नाचा न्हाई," त्या म्हणाल्या. "कुणाची गं तू?"

"मी हेमा. क्षीरसागर सरांची."

त्यांनी माझा हात सोडला नाही. पण त्यांचा चेहरा एकदम पडला, चोरी पकडली गेल्यासारखा. म्हणाल्या, "मास्तरांनी सांगितलं का तुला?"

"काय?"

"मग त्यांनी सबूद पाळला म्हनायचा." त्या उंबऱ्यावर बसल्या आणि मला ओढून शेजारी बसवलं. "दिवस बुडला की मला काय दिसत न्हाई, बाय. दोन वर्सं झाली. दिवसा झ्याक दिसतं, पर दिवेलागणीपास्नं समदं काळं. आन तिला ऐकू येत न्हाई. आंधळ्या-बहिऱ्याची गाठ म्हंत्यात, ती आमच्या घरात हाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पोर संध्याकाळी बाहेर असली तर हाक मारून उपयोग नाही आणि बघून दिसत नाही. म्हणून त्यांनी तिचे हात बांगड्यांनी भरले होते. छुमछुम आली की पोर आली. अण्णांनी बांगड्या काढायला सांगितल्या तेव्हा त्या नाहीच म्हणाल्या होत्या. भरलेल्या बांगड्या काय रोज काढता-घालता येतात? तेव्हा अण्णा म्हणाले, की बांगड्यांच्या जागी मी तिच्या गळ्यात शिट्टी घालतो, ती वाजवत येईल, दारात पोचेपर्यंत थांबणार नाही. गावाला काही सांगायचं नाही, शिट्टी तिला मानाची मिळाली असंच सगळ्यांना वाटू दे.

"काचेचं काम हाय माझं," मावशी म्हणाल्या. "डोळ्याचं कळलं तर बाया हात देतील का माझ्या हातात? दिवसासुद्धा देनार न्हाईत."

आणि तालुक्याहून परत आलो त्या दिवशी पुष्पीने रत्नमालाला गल्लीच्या तोंडाशी सोडलं, कारण तिथून दार दिसत होतं. रत्नमाला घरात न शिरता मागच्या ओढ्यावर पायांची माती धुवायला गेली. टेम्पो आल्याचा गलका मावशींनी ऐकला होता. बाकीच्या पोरी घरी गेल्याचेही आवाज आले. शिट्टी मात्र आली नाही. त्या अंधारात चाचपडत निघाल्या आणि पायरीवरून दगडांत पडल्या, तळहात फाटला. पोर ओढ्याकडून आली तेव्हा त्या तशाच बसून होत्या.

माझ्या गळ्यातली शिट्टी मला एकदम जड लागायला लागली. पण काढून द्यावी, असं मनात आलं का? नाही आलं. माझी मीच जिंकलेली होती ती. अण्णांचा मात्र फार राग आला. मला सांगितलं असतं तर काय मी गावभर केलं असतं? आणि लगेच कळलं, की हो, पुष्पीला तरी सांगितलंच असतं.

"तिला पाठवा," मी म्हणाले. "मी रोज आणून सोडीन. शिट्टी वाजवत."

"शिट्टी तू वाजवनार. मग ती कुठं हाय ते मला कसं कळंल?"

"तिचा हात मी धरलेला असेल."

"तिच्याच गळ्यात का घालीनास मग?"

"शिट्टी माझ्याकडंच राहील," मी म्हणाले. "हात धरीन मी. दारापर्यंत. दाराच्या आत."

मावशींना हसू आलं. "लई हावरी हायस गं," त्या म्हणाल्या. मग हसू थांबलं. "आन सोडलास हात तर?"

मी माझा हात त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, की सामन्यामुळे आता बांगड्या भरता यायच्या नाहीत, पण जिल्हा झाला की पहिला हात माझा. आणि मी संध्याकाळीच येईन, दिवस बुडाल्यावर.

त्यांची बोटं माझ्या हाताच्या हाडांवरून फिरत होती, माप घेतात तशी. मग म्हणाल्या, "जा. आत हाय ती."

आत चुलीच्या उजेडात रत्नमाला आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिला आमच्यातलं काहीच कळलं नव्हतं. हाक मारण्यात अर्थ नव्हता. मी मागून गेले, तिच्या पाठीवर हात मारला आणि सवयीने म्हटलं, "खो."

ती उठली. त्या एवढ्याशा खोलीत ती चुलीला वळसा घालून दारापर्यंत गेलीसुद्धा, मग वळून बघते तो मी. नियमाप्रमाणे तिच्या जागी मी बसायचं, म्हणून मी बसले. ती छुमछुम करत हसत सुटली. मी तिला खुणेने आणि मावशींना ऐकू जावं म्हणून तोंडानेही विचारलं, उद्या येतेस? तिने आईकडे पाहिलं, आईने दारातूनच मान हलवली, तेव्हा ती म्हणाली, "हो." तो खो होता की हो, ते आजही मला सांगता येणार नाही.

मग तिची नजर माझ्या गळ्यातल्या शिट्टीवर गेली. मी ती मुठीत झाकली. तर तिने नाक मुरडलं, तोंड फुगवून फुंकल्यासारखं केलं, गाल दुखतात असं दाखवलं आणि हाताने ती शिट्टी माझ्याकडेच ढकलली. नको बाई, तूच ठेव. जिच्यापायी मी महिनाभर जळून कोळसा झाले, ती ह्या पोरीला नकोच होती. एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता.

पुढे जिल्ह्याला आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. तिथल्या पंचांनी रत्नमालाचा "हो" धरला नाही, अण्णा भांडले, पण ते जाऊ दे. हरून आल्यावर संध्याकाळी मी मावशींकडे जाऊन अंधारात दोन्ही हात भरून आले, आणि एकही बांगडी फुटली नाही. पण मला सांगायचंय ते त्या आधीच्या, पहिल्या संध्याकाळचं.

मी घरी निघाले तेव्हा वीज अजून आलेली नव्हती. शिट्टी मी वाजवली नाही. अण्णांना आज बसू दे वाट बघत, असं म्हणून मुद्दाम मुठीत धरून ठेवली. आमची गल्ली काळीकुट्ट होती, स्वतःचा हात दिसत नव्हता. घर आलं, तरी मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पायरीपासून दहा पावलं तरी लांब असेन.

"आलीस, हेमा?" पायरीवरून अण्णांचा आवाज आला. "काय म्हणाल्या?"

मी थांबले. "तुम्हाला कसं कळलं मी आहे ते? शिट्टी नाही वाजवली मी."

"तुला कशाला शिट्टी लागते?" अण्णा म्हणाले. "चौकापासून ऐकतोय. चपला घासत चालतेस तू. चालायला लागलीस तेव्हापासून."

मला रडू आलं, पण अंधार होता म्हणून कुणाला दिसलं नाही. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "तेच मी सांगते तर कुणी ऐकत नाही. पाय उचलून चालायला काय होतं गं तुला?"

"असू दे," अण्णा म्हणाले. "घासू दे तिला."